साठीनंतरची सायकल
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात अणशी येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘प्रकृती आणि आत्मविश्वास’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही डॉक्टर नव्हे की पहिलवान नव्हे. बेळगावात जन्मभर मुलांना गणित शिकवले आणि निवृत्त होऊन गावी परतलो, एवढीच आमची कमाई. परंतु चिटणीस म्हणाले, “मास्तर, तुम्ही या वयात सायकल शिकलात तेवढेच सांगा.” तेव्हा तेवढेच सांगतो.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आपल्याकडचा पाऊस कसा, हे अणशीकरांस सांगावयास नको. अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरले होते. त्यावरून आमचा पाय घसरला आणि डाव्या नडगीचे हाड मोडले. यथाकाल हाड जुळले, प्लॅस्टर निघाले. पाहतो तो डावा पाय उजव्याहून उघड बारीक! पण पाय बारीक झाला त्याचे एवढे काही नाही. खरे दुखणे निराळेच होते. घराच्या तीन पायऱ्या उतरावयाची आम्हांस भीती वाटू लागली. हाड धड होते, काठी हातात होती, तरी तिसऱ्या पायरीशी पाऊल अडे.

शहरात असे झाले तर माणूस रिक्षा बोलावतो. आपल्या गावाची गोष्ट वेगळी. एकीकडे घाट उतरून कारवार, दुसरीकडे जोयडा. दवाखाना, बँक, कचेरी, सगळ्यांसाठी आधी रस्त्यापर्यंत जाऊन एस. टी. गाठावयाची. ज्याला आपल्या पायांनी रस्ता गाठता येत नाही, त्याला औषधाच्या गोळीसाठीही कोणाच्या तरी पोराची वाट पाहावी लागते. आम्ही लग्नामुंजींची आमंत्रणे नाकारू लागलो. देवळात जाणे सुटले. लोक म्हणत, मास्तर आता थकले. आम्हीही तेच म्हणू लागलो, आणि ते अधिक वाईट.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितले की हाड पक्के झाले आहे, आता स्नायूंना काम हवे. एका जागी बसवलेल्या सायकलीवर रोज पाय फिरवा. तसले यंत्र अणशीत कोठून आणावयाचे? पण आमच्या पडवीच्या माळ्यावर पुतणीची सायकल पडून होती. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली वाटल्या, त्यांतलीच ती एक. मुलगी शिकून नोकरीस गेली आणि सायकल माळ्यावर चढली. ती खाली उतरवली, धूळ झटकली, टायर-ट्यूब नवे घातले. आता अडचण एकच उरली. आम्हांस सायकल येत नव्हती! लहानपणी या डोंगरात चालणेच होते. पुढे बेळगावात शिकावयाची लाज वाटली.

लाजेचे नाव निघाले म्हणून बेळगावचीच एक गोष्ट सांगतो. किर्लोस्करांचे नाव आपण नांगर, पंप आणि इंजिने यांवरून ओळखतो. परंतु त्या घराण्याचा उद्योग आपला आरंभ १८८८ सालचा मानतो, आणि तो आरंभ म्हणजे बेळगावातले सायकलचे दुकान. लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकली विकत आणि घेणाऱ्यांना त्या चालवावयासही शिकवीत. लोखंडी नांगर पुढे आला, आणि किर्लोस्करवाडी तर १९१० साली वसली. जेथे दुकान होते त्या रस्त्यास आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. आम्ही त्या रस्त्यावरून हजारदा चालत गेलो असू. त्या काळी सायकल ही महागडी नवलाई. तेव्हा शिकणारे होते ते मिशा फुटलेले, पगडी घालणारे बाप्ये. पोराटोरांची ती विद्या नव्हतीच. मग आम्ही साठीत शिकावयास लाजावे का?

आमचे गुरू म्हणजे शेजारचा मुलगा. वय वर्षे चौदा. त्याने पहिल्याच दिवशी पाना घेऊन दोन्ही पेडले काढून टाकली. डावे पेडल निघेना, तेव्हा तो हसून म्हणाला, “मास्तर, याचे आटे उलटे असतात.” खरेच, उजवे पेडल नेहमीसारखे डावीकडे फिरवून सुटते, डावे मात्र उजवीकडे फिरवावे लागते. चाळीस वर्षे गणित शिकवून हे आम्हांस ठाऊक नव्हते. मग त्याने सीट इतकी खाली घेतली की बसल्या बसल्या आमची दोन्ही पावले सपाट जमिनीस टेकली.

ही युक्ती आजची नव्हे. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांचे जे पहिले वाहन केले, त्याला पेडले नव्हतीच. माणूस त्यावर बसून पायांनी जमीन मागे ढकलीत धावे. तोल आधी आला, पेडले मागाहून आली. शिकणाऱ्यानेही याच क्रमाने शिकावे हे उत्तम.

भात कापून मोकळ्या झालेल्या शेताच्या कडेला, किंचित उतार पाहून, आम्ही आठ दिवस नुसते पायांनी ढकलीत गेलो. प्रथम दोन पावले, मग चार, मग पाय उचलून दहा हात. त्यांत दोन गोष्टी कळल्या. पहिली, सायकल ज्या बाजूस कलते त्याच बाजूस हँडल हलकेच वळवावे, म्हणजे चाक पुन्हा आपल्याखाली येते. नवशिका भिऊन उलट बाजूस ओढतो आणि पडतो. दुसरी, नजर जाते तिकडे सायकल जाते. दगड चुकवावयाचा म्हणून दगडाकडेच पाहात राहिलो की चाक बरोबर त्यावरच! पाहावयाचे ते दगडाशेजारच्या मोकळ्या वाटेकडे.

नवव्या दिवशी पेडले लागली. पंधराव्या दिवशी आम्ही गावच्या रस्त्यावर आलो आणि विसाव्या दिवशी पडलो. मोरीजवळ वासरू आडवे आले. ब्रेक दाबावयाचे सोडून आम्ही त्या वासराकडेच पाहात राहिलो. पडलो तो डाव्या अंगावर. खरे सांगतो, कोपर सोलले होते त्याचे काही वाटले नाही, पण पायाकडे पाहावयाचा धीर होईना. डोळे मिटून तसेच पडून राहिलो. मग अंगठा हलवला. हलला. घोटा हलवला. हलला. उठून उभे राहिलो. पाय शाबूत होता.

तरीही पुढचे तीन दिवस सायकल पडवीतच राहिली. चौथ्या दिवशी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, पडून झालं ना एकदा? मग आता भ्यायचं राहिलंय काय?” एवढे बोलून त्यांनी पदर खोचला आणि स्वतःच सायकल बाहेर काढली! त्यांना लहानपणापासून सायकलीची हौस. पण मुलीच्या जातीला ती कोण शिकू देणार? तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो खेडवळ स्त्रिया सायकल शिकल्या, हे आम्ही वाचले होते, शाळेत मुलांना सांगितलेही होते. आपल्या घरात कधी विचारले नव्हते. सांगावयास संकोच वाटतो, परंतु त्या आमच्या आधी तोल साधून मोकळ्या झाल्या.

आता प्रकृतीविषयी. सुरुवातीस दहा मिनिटांत छाती भरून येई. आम्ही एक दिवसाआड जात असू आणि दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवीत असू. कसोटी सोपी आहे: चालवताना बोलता यावे, गाता मात्र येऊ नये, एवढा वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. आम्हांस दीडशेचा पल्ला गाठावयास चार महिने लागले. सायकलीत शरीराचा भार सीटवर राहतो, म्हणून चालण्याधावण्यापेक्षा गुडघ्यांस धक्के कमी बसतात. मात्र शिकून झाल्यावर सीट पुन्हा वर घ्यावी. पेडल अगदी खाली असता गुडघा जवळजवळ सरळ, किंचित वाकलेला राहावा. सीट खालीच ठेवून मैलोगणती गेल्यास गुडघे दुखू लागतात. आमचे दुखले, म्हणून सांगतो. आज डाव्या पायाची पोटरी पुष्कळ भरली आहे, आणि त्या तीन पायऱ्या आम्ही काठीवाचून उतरतो.

वडीलधाऱ्यांस थोडे सावधगिरीचे सांगतो. हृदयविकार, चक्कर, रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. निघण्यापूर्वी हवा आणि दोन्ही ब्रेक पाहावे, डोक्यावर हेल्मेट घालावे. भर पावसात, शेवाळलेल्या रस्त्यावर धाडस करू नये. आपला गाव वाघांच्या राखीव जंगलात आहे. सकाळी चांगले उजाडल्यावर निघावे आणि दिवस मावळण्याआधी घरी यावे. कद्र्याकडे उतरणाऱ्या घाटाच्या वळणांवर नवशिक्याने जाऊच नये. आम्हीही गेलेलो नाही, आणि न गेल्याने आमचे काही अडले नाही. पोस्ट, देऊळ, दुकान आणि एस. टी. चा थांबा, एवढा मुलूख आम्ही परत जिंकला; तो पुरे आहे.

लेव्ह टॉल्स्टॉय १८९५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी सायकल शिकले. त्याच वर्षी त्यांचा धाकटा लाडका मुलगा वारला होता. एवढ्या मोठ्या पुरुषाशी आमची बरोबरी नाही. पण दुःखाने किंवा दुखण्याने खचलेल्या माणसाला नवी गोष्ट शिकताना थोडे बळ येते, एवढे आम्ही अनुभवाने म्हणू शकतो.

शेवटी ट्रस्टला एक विनंती. पन्नास वर्षे या ट्रस्टने मुलांना पुस्तके दिली, आजाऱ्यांना औषधे दिली. आजारातून उठलेल्या माणसाचे काय? औषध संपते आणि तो तीन पायऱ्यांवर अडून बसतो. आपल्या कितीतरी घरांच्या माळ्यांवर मुलांच्या जुन्या सायकली गंजत आहेत. त्यांतल्या चार दुरुस्त करून घ्याव्यात, दोन बिनदांडीच्या असाव्यात, सीट खाली बसवावी, आणि सकाळचा एक तास एखादा चौदा वर्षांचा गुरू नेमावा. खर्च थोडा आहे. आमची ती सायकल आम्ही या कामी आजच देतो. सौभाग्यवतींची संमती घेतली आहे, मात्र त्यांची अट अशी की पहिल्या सायकली दुरुस्त होऊन येईपर्यंत ती घरीच राहील.

आम्हांस धैर्य आधी आले आणि मग सायकल आली, असे झाले नाही. पाय केव्हाही जमिनीस टेकतील अशी खात्री होती, म्हणून पाय उचलावयाचा धीर झाला. आमच्या मते ट्रस्टने आजवर जे केले ते हेच. अडलेल्या माणसाच्या पायाखाली जमीन आहे, एवढी त्याची खात्री पटवली. पुढचे तो आपण करतो.