केंडमासा : त्याची ओळख आणि त्याचें घर

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील पुष्कळ घरांतून काचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस दिसते. अशा पेटींत एखादे दिवशीं चार बोटें लांबीचा, मोठ्या डोळ्यांचा, पोट फुगविणारा एक मासा येऊन दाखल होतो. विक्रेता त्याला 'पफर' म्हणतो, मुलें 'फुग्या' म्हणतात, आणि कोंकणांत बाळपण गेलेल्या आजीबाई पाहतांक्षणींच म्हणतात, "अरे, हा तर केंड!" तिघांचेंही म्हणणें खरें आहे. परंतु तिघांनींही सांगितलें तें कुळाचें नांव. त्या माशाचें नव्हे. या कुळांत गोड्या पाण्याचे, खाडीचे आणि भर समुद्रांतील प्रवाळांचे असे निरनिराळे रहिवासी आहेत. तेव्हां केंडाचें नांव विचारण्यापूर्वीं त्याचें पाणी विचारावें, हें बरें.

कुळ ओळखणें सोपें आहे. वरच्या जबड्यांत दोन व खालच्या जबड्यांत दोन अशा चार दंतपट्ट्या जुळून पोपटाच्या चोचीसारखें तोंड झालेलें असतें. लिनीयसनें १७५८ सालीं या माशांस जें नांव दिलें, त्याचा अर्थच 'चार दांतांचा' असा आहे. पोटाखालचे पर नसतात, बरगड्या नसतात, आणि संकट येतांच मासा भराभर पाणी गिळून चेंडूसारखा फुगतो. गंमत म्हणून त्याला पाण्याबाहेर काढून फुगविण्याची कांहीं मुलांना खोड असते. तेव्हां तो पाण्याऐवजीं हवा गिळतो, आणि ती त्याला सहजासहजीं बाहेर टाकतां येत नाहीं. हा खेळ त्याच्या जिवावर बेततो.

आतां पाण्याचा विचार. केरळांतील नद्यांत एक इंचभर लांबीचा, हिरवट पिवळा केंड आहे. सुंदरलाल होरा व नायर यांनीं १९४१ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. हा निव्वळ गोड्या पाण्याचा. दुसरा, हिरव्या पाठीवर काळे ठिपके असलेला आग्नेय आशियांतील केंड दुकानांतून पुष्कळदां गोड्या पाण्याचा म्हणून विकला जातो. पण वाढत्या वयांत त्याला मचूळ पाणी लागतें. तिसरा तो प्रवाळांचा केंड. हा दोन्ही बाजूंनीं चपटा व लांबट नाकाडाचा असतो, आणि वाढून वाढून वीतभरही होत नाहीं. त्याच्या एका प्रसिद्ध जातींत पांढऱ्या अंगावर खोगिरासारखे चार काळे पट्टे असतात. मधले दोन पोटाकडे खालवर उतरतात, आणि शेपटी पिवळसर असते.

हा मासा ठाण्याच्या खाडींत कां सांपडूं नये ? समुद्र तर जवळच आहे. कारण असें कीं, प्रवाळाला नितळ, उबदार व पुरेसें खारें पाणी हवें. ठाण्याची खाडी गाळाची व तिवरांची. तिचें वैभव रोहित पक्ष्यांचें, आणि त्यासाठींच २०१५ सालीं तेथें अभयारण्य झालें. उल्हास नदी कल्याणपाशीं खाडीचें रूप घेते खरी, पण पावसाळ्यांत तिच्या गढूळ पुरापुढें खारेपणा टिकत नाहीं. महाराष्ट्रांत प्रवाळ पाहावयाचे तर मालवणकडे, किंवा कान्होजी आंग्र्यांचें नांव धारण करणाऱ्या दूरच्या समुद्रांतील उथळ्यावर जावें लागतें. लक्षद्वीप तर सारेंच प्रवाळांवर उभें आहे. तेव्हां खोगिरी पट्ट्यांचा केंड नळाच्या पाण्यांत सोडणें म्हणजे त्याला मारणेंच होय. विक्रेता "संवय होईल" म्हणाला, तरी त्यावर भरंवसा ठेवूं नये.

या माशाची नक्कल करणारा एक तोतयाही आहे. तो केंड नव्हेच, निराळ्या कुळांतला आहे. पण तेच चार पट्टे, तेंच नाकाड, तीच संथ चाल. पाठीवरचा व पोटामागचा पर पाहिला म्हणजे सोंग उघडें पडतें : केंडाचे हे पर आंखूड बुडाचे, तोतयाचे लांब पसरलेले; शिवाय तोतयाच्या पाठीवर एक कांटाही असतो. एवढें सोंग कशासाठीं ? कारण केंड विषारी आहे, आणि मोठे मासे त्याच्या वाटेस जात नाहींत.

हें विष माणसालाही सोडीत नाहीं. १७७४ सालीं कप्तान कुक यानें न्यू कॅलेडोनिया बेटाशीं केंडाचें यकृत नुसतें चाखलें, तों त्याचे हातपाय बधिर झाले. आंतडीं खाणारें डुक्कर तर मेलेंच. जपानी शास्त्रज्ञ ताहारा यांनीं १९०९ मध्यें या विषाला नांव दिलें. तें शिजवून जात नाहीं, तळून जात नाहीं, आणि त्यावर उताराही नाहीं. प्रथम ओंठ व जीभ बधिर होतात, मग हातपाय, शेवटीं श्वास. रोगी बहुधा शुद्धीवर असतो, पण बोलूं शकत नाहीं. अशा वेळीं घरगुती औषधांत वेळ न दवडतां थेट मोठें रुग्णालय गांठावें. तेथें यंत्रानें श्वास चालूं ठेवतां आला, तर विष ओसरेपर्यंत रोगी तगूं शकतो.