नोंदवही आणि परतीची वाट
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



ग्वाल्हेरच्या मराठी समाजापुढे स्थलांतरावर बोलायचे म्हणजे गंगेच्या काठी पाण्याचे वर्णन करण्यासारखे आहे. आपले पूर्वज शिंद्यांच्या लष्कराबरोबर येथे आले. ज्यांनी देश सोडला त्यांना वाटेत कोणी बोटांचे ठसे मागितले नाहीत. कुलदेवतेच्या दर्शनाला अथवा मुलीच्या सोयरिकीसाठी दक्षिणेत गेलेला माणूस परत आला, तर 'तू येथलाच कशावरून?' असे त्याला कोणी विचारले नाही. हे भाग्य आपल्याला इतके सहज लाभले, की ते भाग्य आहे हेच आपण विसरलो. ज्यांना ते लाभले नाही त्यांची हकीकत म्हणून आज सांगावीशी वाटते.

बोअर युद्ध १९०२ मध्ये संपले. युद्धकाळात ट्रान्सवाल सोडून गेलेले हिंदी व्यापारी आपल्या दुकानांकडे परतू लागले, तेव्हा त्यांना परवाना मागण्यात आला. जेथे घर होते तेथेच जाण्यासाठी परवाना! पुढे ऑगस्ट १९०६ मध्ये एक वटहुकूम जाहीर झाला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी स्त्री-पुरुषाने नाव नोंदवावे, बोटांचे ठसे द्यावेत, दाखला सदैव जवळ बाळगावा आणि पोलिसाने मागताच दाखवावा, असे त्याचे स्वरूप होते. नोंदणी नाकारणाऱ्याचा राहण्याचा हक्कच संपुष्टात येणार होता. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये भरलेल्या सभेने या कायद्यापुढे मान न तुकविण्याची शपथ घेतली. १९०७ मध्ये स्त्रियांना वगळून तोच कायदा संमत झाला. १६ ऑगस्ट १९०८ रोजी शेकडो दाखल्यांची होळी झाली. नाताळ व ट्रान्सवाल यांच्या सीमेवरील फोल्क्सरस्ट हे गाव सत्याग्रहींच्या अटकेचे ठिकाण बनले. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी गांधीजींबरोबर दोन हजारांवर स्त्री-पुरुष आणि मुले हीच सीमा विनापरवाना, पायी ओलांडून गेली.

या लढ्याशी महाराष्ट्राचे नाते नामदार गोखल्यांमुळे जडले. नाताळात मजूर करारावर पाठविणे थांबवावे, असा ठराव त्यांनी १९१० मध्ये कायदेमंडळात मांडला आणि पुढील वर्षी ती भरती बंद झाली. ऑक्टोबर १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. सरकारी पाहुणे म्हणून त्यांच्या दिमतीला रेल्वेचा खास डबा होता. विसंगती पाहा: पाहुण्याला सारा देश मोकळा, आणि तेथे घाम गाळणाऱ्या त्याच्या देशबांधवाला शेजारच्या प्रांतात पाऊल टाकायची चोरी! जोहान्सबर्गमध्ये गांधीजींच्या आग्रहावरून गोखले मराठीत बोलले. श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते, महाराष्ट्रीय हिंदूही होते. भाषांतर स्वतः गांधीजींनी केले.

हे कोकणी मुसलमान केप टाऊनमध्येही मोठ्या संख्येने होते. रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावांतून आलेली ही माणसे. तेथील कायद्याप्रमाणे गावी जाऊन यायचे असेल, तर आधी छायाचित्र आणि ठसे असलेला दाखला काढावा लागे. त्याला मुदत असे. मुदत टळली तर परतीचे दार बंद होई. आता कल्पना करा. आगबोटीचा प्रवास कित्येक आठवड्यांचा. गावी आई अंथरुणाला खिळलेली, बहिणीचे लग्न ठरत आलेले, शेतीचा तंटा कचेरीत पडलेला. यांपैकी कशाला मुदतीचे भान असते? आईची शुश्रूषा करावी तर तिकडचे दुकान जाते, आणि दुकान राखावे तर आईचे अंत्यदर्शन चुकते. बायकामुलांना न्यायचे म्हटले तर नात्याचा आणि वयाचा पुरावा हवा. ज्या गावात जन्माची तिथी आजीच्या स्मरणात असे, तेथे तो आणायचा कोठून?

परंतु परक्यांच्या अन्यायाची कथा सांगताना आपल्या अंगणाकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आपल्याच देशातील भटक्या जमातींची नावे पोलिसांच्या वहीत चढली. हद्दीबाहेर जायचे तर पास, मुक्कामाला पोहोचल्यावर हजेरी. कोणताही गुन्हा न करता, केवळ जन्मामुळे! आफ्रिकेतील ठशांनी व्यथित झालेल्या आपल्या सुशिक्षित समाजाला गावाबाहेरच्या पालात पडलेली ही हजेरी फारशी ऐकू गेली नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यातून जन्मलेला संशय मात्र कायद्याबरोबर गेला नाही.

आणखी एक उदाहरण जवळचे आहे. १९४७ मध्ये आपल्या शहरात आलेले सिंधी बांधव नागरिक झाले. पण पुढील दशकांत सीमेपलीकडून आलेली कित्येक कुटुंबे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिली. ठरलेल्या जागेबाहेर जाण्यासाठी त्यांना परवानगी घ्यावी लागे. राहत्या राज्यात मोकळेपणाने फिरण्याची मुभा त्यांना २०१६ मध्ये मिळाली.

राज्यसंस्थेने नोंदच ठेवू नये, असे मी म्हणत नाही. कोण आले, कोण गेले, हे तिला ठाऊक असले पाहिजे. प्रश्न नोंदीमागच्या हेतूचा आहे. या ग्रंथालयातही शंभर वर्षे एक नोंदवही आहे. तिच्यात नाव लिहिले म्हणजे माणसाला काही मिळते: पुस्तक मिळते, बसायला जागा मिळते. ज्या नोंदीने माणसाचा हक्क शाबीत होतो ती नोंद न्यायाची. जिच्यामुळे त्याला रोज आपले निर्दोषत्व सिद्ध करावे लागते ती नोंद अन्यायाची. कोणताही नवा नियम आपल्यापुढे आला, की तो या कसोटीवर घासून पाहावा, आणि तो आपल्याला लागू नसेल तेव्हा तर अधिक काळजीने पाहावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.