दुपारचं जेवण : गरम आणि बसून

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी मुंबईत झालेल्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून आपण मारहाण, पोटगी, समान वेतन यांवर बोलतो आहोत. त्यात मी हॉटेलात जाऊन खाण्याविषयी बोलणार म्हटल्यावर काहीजणींना हसू आलेलं दिसतंय. हसा जरूर. जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास आहे, तेव्हा विषय अगदी वेळेवर आला आहे.

आधी एक प्रश्न विचारते. भरदुपारी, एकटीने, स्वतःच्या पैशांनी, खुर्चीवर बसून, दुसऱ्या कुणी वाढलेलं गरम जेवण तुम्ही शेवटचं कधी जेवलात? मुलांच्या हट्टापायी गेलात ते धरू नका. नवऱ्याबरोबर वाढदिवसाला गेलात तेही नको. भूक लागली, आत शिरलात, हवं ते मागवलंत, खाल्लंत, पैसे देऊन बाहेर आलात, असं कधी झालं?

हात फारसे वर आले नाहीत. कारणं आपल्याला ठाऊक आहेत. पहाटे उठून चार डबे भरणारी बाई स्वतःच्या डब्यात रात्रीची उरलेली भाजी भरते. बाहेर असली तर वडापाव घेते आणि चालता चालता, गाडी पकडता पकडता संपवते. पैसे नसतात हे खरंच. पण पैसे असले तरी हात आखडतो. ‘एकटीसाठी कशाला एवढा खर्च?’ हे वाक्य आपल्याला कुणी म्हणून दाखवावं लागत नाही, ते आपल्या तोंडी बसलेलं आहे.

आता गंमत बघा. या शहराला जेवू घातलं कुणी? गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार बिऱ्हाड गावी ठेवून राहायचे. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायका आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत चालवत. पाळीप्रमाणे जेवण तयार ठेवायचं, महिनाअखेरीला पैसे घ्यायचे, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज सोसायचं. या कामाला कुणी धंदा म्हणत नव्हतं. ‘बाई घरी चार माणसांचं करते’ असं म्हणत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे खानावळवाली ही कष्टकरी आणि कर्जदार म्हणून कागदावर आली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, कितीतरी गावी गेले. खानावळवालीची थकलेली बाकी त्यांच्याबरोबर गेली. संपाच्या हिशेबात ही बाकी क्वचितच धरली जाते.

म्हणजे रांधायला बाई चालली. पंगतीला मात्र पुरुष. जुन्या इराणी हॉटेलांत बायकांसाठी ‘फॅमिली रूम’ असे, पडद्याआड किंवा लाकडी आडोशामागे. बाईने यावं ते कुणाची तरी बायको म्हणून, आणि बसावं ते लोकांच्या नजरेआड, असा त्या पाटीचा सरळ अर्थ होता.

आज परिस्थिती बदलली आहे का? बदलली आहे, आणि त्याचा फायदा आपण पुरेसा घेत नाही. दादरला ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष घ्या. ‘आस्वाद’मध्ये थालीपीठ मागवा. माटुंग्याला १९४० पासून चालू असलेल्या ‘कॅफे मद्रास’मध्ये रसम वडा खा. गिरगावात ‘विनय’ची मिसळ आहे. मरीन लाइन्सला ‘कयानी’ तर १९०४ पासूनचं, तिथे चहात ब्रुन मस्का बुडवून बघा. अशा ठिकाणी गर्दीच्या वेळी अनोळखी माणसांच्या टेबलावर बसायची रीत आहे, त्यामुळे एकटी बाई उठून दिसत नाही. उजेड असतो, दार रस्त्यावर उघडं असतं, खाणं पटकन येतं. बाईला कुठे सहज शिरावंसं वाटतं, त्याची कारणं अशी साधी असतात.

पण इथेच थांबू नका. मी घेतलेली नावं पुन्हा आठवा. बहुतेक शाकाहारी निघाली. ‘बाईमाणसाला बरं’ असं आपण ज्या हॉटेलाला म्हणतो, त्यात जातही मिसळलेली असते. मासळीची थाळी, सुकं मटण, भाकरी मिळणाऱ्या खानावळीत दुपारी पुरुषांचीच गर्दी असते, आणि ते जेवण ज्यांच्या घरचं, त्या बायकाही तिथे एकट्या जात नाहीत. आपल्या चवीचं जेवण शहरात ताठ मानेने बसून जेवता येणं, हाही हक्कच आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. दिवसभर कामासाठी फिरणारी बाई पाणी कमी पिते, कारण जायचं कुठे? मुंबईत २०११ पासून स्त्री संघटनांनी ‘राइट टू पी’ म्हणून मोहीम चालवली, ती यासाठीच. जिथे मुतारी नाही तिथे बाईची भूकसुद्धा आवरती असते.

आणि तिसरी गोष्ट, रस्त्यावर पोळीभाजी, भाकरी, इडली विकणारी बाई. तिच्यामुळे आपल्यासारखीचं पोट थोडक्यात भरतं, आणि पालिकेची गाडी आली की पातेली तिचीच उचलली जातात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असं म्हटलं आहे. तुमच्या शहरातल्या समितीत त्या बायका कोण आहेत? बैठकीला त्यांना बोलावतात का? हे विचारायला पालिकेत कुणीतरी जायला हवं.

म्हणून एक काम सुचवते. प्रत्येक गटाने आपल्या भागातली दुपारी जेवायची दहा ठिकाणं पाहून यायची. पाहून म्हणजे जेवून. आधी दोघींनी जा, मग एकेकटीने. पोटभर जेवण कितीला पडतं, बसायला मिळतं का, पाणी आणि संडास आहे का, कुणी टक लावून बघतं का, चूल कोण सांभाळतं आणि तिला काय मिळतं, एवढं वहीत लिहा. चव कशी होती हेही लिहा, ते विसरू नका. ही यादी वस्तीत, कारखान्यात, कॉलेजात वाटता येईल. नव्याने शहरात आलेल्या मुलीला, घरकामाला जाणाऱ्या बाईला ती आपल्या पत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि जिथे संडास नाही, तिथे मागणी कुणाकडे करायची हेही त्याच वहीतून कळेल.

आता सुट्टी झाली आहे. स्वयंपाकघरात आपल्यासाठी सकाळपासून राबणाऱ्या तिघी आहेत. आज त्यांना आधी बसवू या. वाढायला आपण जाऊ.