शेअर केलेला फोल्डर उघडत नाही तेव्हा

नालासोपारा पूर्वेला तुळिंज रोड, आचोळे रोड भागात झेरॉक्स आणि डीटीपीची दुकानं आहेत. अशा दुकानात बिलिंगचा कॉम्प्युटर विंडोजवर आणि फायली ठेवायचा लिनक्सवर असला, तर शेअर केलेला फोल्डर नेमका गिऱ्हाईक समोर असताना अडतो. अशा वेळी घाबरून न जाता क्रमाने तपासा.

आधी दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरवर आहेत ना, ते पाहा. वीज जाऊन आली की राउटर कधी कधी वेगळा आयपी पत्ता देतो. लिनक्सवर आजचा पत्ता बघा आणि विंडोजवरून त्याला पिंग करा. हाच पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा.

पिंगला उत्तर येतं, पण फोल्डर उघडत नाही? मग लिनक्सच्या फायरवॉलमध्ये पोर्ट 445 खुला आहे का, ते पाहा. फोल्डर विंडोजवर असेल, तर तिथलं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ असायला हवं.

पासवर्ड चुकतोय? लिनक्सवर फोल्डर शेअर करायचं काम सांबा हा प्रोग्राम करतो आणि त्याचा पासवर्ड लॉगिनपेक्षा वेगळा नोंदवावा लागतो.

एक गोष्ट मात्र टाळा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय व्हायरसने फोल्डर शेअर करायच्या एसएमबी या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीतून जगभरचे कॉम्प्युटर ठप्प केले. ती जुनी आवृत्ती सुरू करायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. दोन्ही कॉम्प्युटर अपडेट करा आणि महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप आजच घ्या.