रिमोट आईच्या हातात द्या!

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



'घरी सिनेमा बघायला साधी सिस्टिम कशी निवडावी' हा विषय मला दिलाय. मी काही इंजिनिअर नाही. जन्मभर बँकेत खातेवह्या तपासल्या. पण या विषयात मी पदरचे पैसे घालवून शिकलोय, म्हणून मला उभं केलं असावं.

नोकरीत असताना एका दिवाळीत मी हौसेनं 'फाइव्ह पॉइंट वन' होम थिएटर आणलं. म्हणजे पाच स्पीकर, एक सबवूफर आणि या सगळ्यांना चालवणारा ॲम्प्लिफायर. दुकानातला मुलगा जोडून देऊन गेला. टीपॉयवर चार रिमोट आले: टीव्हीचा, सेट-टॉप बॉक्सचा, ॲम्प्लिफायरचा आणि डीव्हीडीचा. कुठला आधी, कुठला नंतर हे मला आणि मुलाला पाठ झालं. आईला नाही. दुपारी घरात ती एकटीच असायची. कधी चित्र यायचं पण आवाज नाही, कधी नुसता निळा पडदा. दोनदा तिनं मला ऑफिसात फोन केला. दुसऱ्या वेळी मी जरा चिडूनच बोललो. मग फोन थांबले. मला वाटलं, आली शिकून!

महिन्याभरानं शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "तुमचा टीव्ही बिघडलाय का हो? आई रोज दुपारी आमच्याकडे मालिका बघतात." घरी येऊन आईला विचारलं, तर म्हणाली, "बिघडला नाही रे. माझ्या हातून काही मोडायला नको, म्हणून मी हातच लावत नाही."

मंडळी, स्वतःच्या घरातला टीव्ही लावायला ती घाबरत होती, आणि ते मला शेजाऱ्यांकडून कळलं. त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे. घरातल्या सगळ्यात कमी तांत्रिक माणसाला जी सिस्टिम एकट्यानं लावता येते, तीच चांगली.

आता कामाचं सांगतो. हल्लीच्या टीव्हीचं चित्र उत्तमच असतं. अडचण आवाजाची. टीव्ही इतका पातळ झालाय की आत चांगला स्पीकर बसायला जागाच नाही. बहुतेकांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. म्हणून गाणं मोठ्यानं वाजतं आणि संवाद कळत नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांना यासाठी साउंडबार पुरतो. टीव्हीखाली ठेवायची एक लांबट पट्टी. जमलं तर 'थ्री पॉइंट वन' घ्या. त्यात संवादासाठी मधला वेगळा स्पीकर असतो. मागच्या स्पीकरचा मोह टाळा. आपल्या हॉलमध्ये सोफा भिंतीलाच टेकलेला, मग 'मागे' जागा आहे कुठे? वर त्यांच्या वायरी केर काढताना झाडूत अडकतात.

दुसरी गोष्ट, जोडणी. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात. त्यातल्या एकावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं. साउंडबारची केबल त्याच भोकात घालायची, शेजारच्या नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन 'सीईसी' चालू करायचं. कंपन्यांनी त्याला आपापली नावं दिली आहेत; सॅमसंगमध्ये 'एनीनेट प्लस', एलजीत 'सिंपलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक'. एवढं केलं की टीव्हीबरोबर साउंडबार आपोआप चालू-बंद होतो आणि टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त होतो. पुष्कळ सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची पॉवर आणि आवाजाची बटणं शिकवताही येतात. ते जमलं की हातात एकच रिमोट राहतो. टीव्ही जुना असेल तर 'एआरसी' आहे की नाही ते आधी घरी बघून घ्या, मगच दुकानात जा.

तिसरी गोष्ट शेजारधर्माची. सबवूफरचा जाड आवाज स्लॅबमधून सरळ खाली उतरतो. माझ्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एका रात्री साडेदहाला हात जोडून दारात उभे राहिले. मुलीची बारावी होती आणि त्यांच्या काचेच्या कपाटातली भांडी वाजत होती. ते हात जोडून आले, याचीच मला जास्त लाज वाटली. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रच धरली आहे, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. तेव्हा सबवूफर भिंतीच्या कोपऱ्यात नको, तिथे तो जास्त घुमतो. खाली जाड रबराचा तुकडा ठेवा. रात्री साउंडबारचा 'नाइट मोड' लावा. स्फोटांचा दणका कमी होतो आणि संवाद ऐकू येत राहतात.

दुकानात गेलात की विक्रेता हमखास गाड्यांची टक्कर आणि बॉम्बस्फोट लावून दाखवतो. त्याला सांगा, मराठी बातम्या लावा. निवेदिकेचा शब्द न् शब्द हळू आवाजातही कळला पाहिजे. आणि आई, सासूबाई, आजोबा, जे कोणी असतील त्यांना बरोबर न्या. टीव्ही बंद करा, रिमोट त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा. त्यांना लावता आला तर पैसे मोजा, नाहीतर पुढचं दुकान.

उरलेला खर्च जाड पडद्यावर आणि सतरंजीवर करा. उघड्या फरशीवर आवाज घुमतो, कापडानं तो शांत होतो. टीव्हीही छताजवळ टांगू नका. सोफ्यावर बसल्यावर पडद्याचा मध्य साधारण डोळ्यांसमोर यावा. मान दुखणार नाही.

आमच्याकडे आता एक साउंडबार आणि एक रिमोट आहे. ॲम्प्लिफायर माळ्यावर गेला. आई आपला टीव्ही आपण लावते. काकूंकडे मात्र अजूनही जाते, पण आता बोलावलं म्हणून जाते.

कोणाला जोडणीत मदत हवी असेल तर रविवारी सकाळी हाक मारा, मी येईन. चहा मात्र लागेल.