डोक्याचा सिंकिंग फंड

(रौप्यमहोत्सवी वर्षात २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



सांस्कृतिक समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत. "काका, तुम्ही बँकेत होतात, गुंतवणुकीवर बोला," अशी सूचना होती. सूचना मान्य आहे. मात्र एफडी आणि म्युच्युअल फंड आज बाजूला ठेवू. दुचाकीवर बसताना आपण अंगावर काय घालतो आणि त्यावर किती पैसे घालतो, ही माझ्या मते प्रत्येक पुणेकर घरातली पहिली गुंतवणूक आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा पार्किंगमध्ये सायकली होत्या आणि थोड्या स्कूटर. मागच्या आठवड्यात मी मोजलं. अठ्ठेचाळीस फ्लॅट आणि त्र्याऐंशी दुचाकी. या काळात आपल्या सोसायटीने दोन तरुण मुलं दुचाकीच्या अपघातात गमावली. त्यांची नावं मी घेत नाही. त्यांच्या आईवडिलांना विचारूनच हा विषय घेतला आहे. "बोला, पण नुसता उपदेश करू नका, काय घ्यायचं ते सांगा," असं त्यातल्या एका माउलीने मला बजावलं. म्हणून आज मी हिशेबच मांडतो.

आधी देशाचा हिशेब. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार ५०,०२९ होते. चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. हा शेवटचा आकडा नीट लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, "अहो, इथे कोपऱ्यावर तर जायचंय." अमेरिकेत प्राध्यापक हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे नऊशे मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली अहवाल दिला. बहुतेक अपघात छोट्या फेरीत, घरातून निघाल्यावर थोड्याच वेळात झाले होते. प्रत्यक्ष धडकेच्या वेळचा मध्यम वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे दूध आणायला जातानाचा वेग!

आता खरेदीकडे वळू. मला दोन टोकाचे ग्राहक दिसतात. एक जण लाखाची गाडी घेतो आणि फूटपाथवरून अडीचशेची टोपी घेतो, पोलीसमामाला दाखवण्यापुरती. दंड हजार रुपये आहे, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं, त्याचा हा विमा. दुसरा पंधरा हजारांचं परदेशी हेल्मेट घेतो आणि मागे आई किंवा बायको उघड्या डोक्याने बसते. बँकेत आम्ही कर्ज देताना आधी तारण बघायचो आणि मग व्याजाचा दर. इथेही क्रम तोच ठेवा.

तारण म्हणजे आयएसआय मार्क. भारतीय मानक आयएस ४१५१. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट या मार्काशिवाय बनवायला किंवा विकायला परवानगी नाही. पण स्टिकर कोणीही छापतो. म्हणून मार्कासोबतचा सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर बघा आणि मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव जुळलं तरच पैसे काढा. चेक पास करताना सही जुळवतात ना, तसंच.

दुसरी गोष्ट माप. भुवयांच्या किंचित वर टेपने डोक्याचा घेर मोजा. हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून मान हलवा. हेल्मेट वेगळं आणि डोकं वेगळं फिरलं तर ते परत द्या. मागून वर ढकलून बघा, डोक्यातून निघता कामा नये. महागडं पण सैल हेल्मेट पडताना आधी उडतं आणि मग माणूस पडतो. जमलं तर हनुवटी झाकणारं, पूर्ण चेहऱ्याचं घ्या. अर्ध्या हेल्मेटने जबडा उघडाच राहतो.

मग किंमत कशाची असते? मार्क असलेलं हेल्मेट साधारण हजार-बाराशेपासून मिळतं. त्यापुढचे पैसे बरेचसे कमी वजन, वारा खेळण्याची सोय, धुता येणारं अस्तर, चांगली काच आणि रंगरंगोटी यांचे असतात. रोज तीस किलोमीटर जाणाऱ्याने वजनासाठी आणि वाऱ्यासाठी जरूर जास्त द्यावेत, कारण त्रास होणारं हेल्मेट शेवटी कोपरालाच अडकतं. पण किंमत दुप्पट झाली म्हणून सुरक्षितता दुप्पट होत नाही. इंग्लंडमध्ये सरकारची 'शार्प' नावाची योजना हेल्मेट आपटून त्यांना एक ते पाच तारे देते. तिथे काही स्वस्त हेल्मेटना पाच तारे आहेत आणि काही महाग हेल्मेटना त्याहून कमी.

आता तो १४,३३७ चा आकडा. मागच्या सीटवरचं डोकं तितकंच मऊ असतं. म्हणून माझा साधा नियम असा, की घरातल्या सगळ्या डोक्यांना मार्काचं हेल्मेट मिळेपर्यंत एकाही डोक्याला भारी हेल्मेट नाही. समजा तुमच्याकडे सहा हजार आहेत. मोठ्यांची दोन, चौदाशे प्रमाणे अठ्ठावीसशे. मुलाचं, त्याच्या मापाचं, बाराशे. झाले चार हजार. चालवणाऱ्याला तळव्यावर जाड पॅड असलेले हातमोजे, नऊशे. पडताना माणूस पहिले हात टेकतो. उरलेले अकराशे ब्रेक शू आणि सर्व्हिसिंगला. घोटा झाकणारे बूट बहुतेकांच्या घरात असतातच, ते फक्त घालायचे. लहान मुलांचंही सांगतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी चाळीसच्या आत, असा केंद्राचा नियम आहे.

जॅकेट, गुडघ्याचे पॅड हे सगळं लांब जाणाऱ्या मुलांसाठी. ताम्हिणीला, कोकणात, लडाखला जाणाऱ्यांनी ते घ्यावंच. खांदा आणि कोपराच्या पॅडवर ईएन १६२१ हा युरोपीय मानकाचा शिक्का बघा. त्याच्या दोन पातळ्या असतात, दुसरी अधिक संरक्षण देणारी. नुसता फोमचा तुकडा शिवलेला असेल तर ते जॅकेट थंडीसाठी आहे, असं समजा.

शेवटचा मुद्दा सिंकिंग फंडाचा. हेल्मेटच्या आत कडक थर्माकोलचा थर असतो. धडकेत तो स्वतः चेंगरतो आणि डोक्याचा मार खातो. चेंगरलेला थर परत फुगत नाही. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा उडाला की आपण नवा बसवतो, तसंच अपघातातलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बदलायचं. म्हणूनच जुन्या बाजारातून हेल्मेट घेऊ नका, त्याचा इतिहास कोणी सांगत नाही. पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नका, साबणाचं पाणी पुरतं. आणि अपघात झाला नाही तरी पाचेक वर्षांनी नवं घ्या. दीड हजाराचं हेल्मेट पाच वर्षं, म्हणजे १,८२५ दिवस. दिवसाला ब्याऐंशी पैसे पडतात. लिफ्टसाठी आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आपण दर महिन्याला बाजूला काढतो, त्या हिशेबात हे काहीच नाही.

कमिटीला माझी एक विनंती आहे. दर वर्षी २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळ्यांनी आपापली हेल्मेट याच हॉलमध्ये आणावीत. मार्क, माप, पट्टा आणि खरेदीचं साल आपण मिळून तपासू. ज्या घराला एकदम खर्च झेपणार नाही, त्यांच्यासाठी एकत्र खरेदी करू, घाऊक भाव मिळेल. सोसायटीचा वॉचमन आणि कामाला येणाऱ्या मावशींचे मुलगेही त्यात धरू, तेही याच गेटमधून गाडीवर ये-जा करतात. पहिल्या वर्षी टेप आणि वही घेऊन टेबलावर मी बसतो.

आपली इमारत पन्नास वर्षांची होईल, तेव्हा मी बहुधा नसेन. पण आज समोर सतरंजीवर बसलेली सगळी मुलं त्या समारंभाला हवीत. दहा मिनिटं संपली, घड्याळाप्रमाणे बारा झाली आहेत. दोन मिनिटांचं व्याज माफ करा.