ग्रंथालयातील नवे दालन
(वार्षिक संमेलनातील भाषण)



तीन तपे खडूफळ्याच्या संगतीत घालविलेल्या माझ्यासारख्या मॅट्रिक शिक्षकाने संगणकाविषयी बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु विषय यंत्राचा नसून विद्येचा आहे, म्हणून हे धाडस.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतील पहिले सांगते, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. शेवटचे सांगते, ग्रंथालय ही वर्धिष्णु संस्था आहे. केवळ कपाटे वाढणे म्हणजे वाढ नव्हे. आज ज्ञान छापील पानाबरोबरच ध्वनी व चलच्चित्र यांच्या रूपानेही साठविले जाते. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्रास अर्पण झाले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ भांडारात देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध आहेत. मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. गंगा दारी आली. पण घागर कोठे आहे?

‘मोबाइल आहे ना!’ असे उत्तर येईल. परंतु अनेक घरांत तो एकच असतो. दिवसा तो वडिलांबरोबर शेतावर जातो, सायंकाळी मुलाच्या हाती राहतो आणि मुलीची पाळी शेवटी येते. शिवाय वीतभर पडद्यावर नकाशा अभ्यासणे किंवा प्रबंध लिहिणे डोळ्यांस व बुद्धीस सारखेच जाचक होते.

यास्तव महाविद्यालयीन ग्रंथालयात निदान चार बहुमाध्यम संगणक असावेत. प्रत्येकास मोठा पडदा, शांतता न भंगता ऐकता यावे म्हणून हेडफोन, आणि सर्वांत मिळून एक स्कॅनर व ध्वनिमुद्रणाची सोय असावी. वीज जाताच काम बुडू नये म्हणून यूपीएस हवा. अंध विद्यार्थ्यांस पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीएसारखी प्रणाली विनामूल्य मिळते, तीही बसवावी. वहीत नाव नोंदवून प्रत्येकास तासाची पाळी द्यावी, म्हणजे मुलामुलींत भेद उरणार नाही.

त्याचा उपयोग आपल्या जिल्ह्यासही होईल. पवनी येथे १९६९-७० साली उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. त्यांची चित्रे मोठ्या पडद्यावर पाहून विद्यार्थी आपला इतिहास समजून घेतील. दंडारीची गाणी म्हणणारे वृद्ध थकत चालले आहेत. त्यांचा आवाज व झाडीबोलीतील शब्द मुलेच मुद्रित करून जतन करतील.

आता एक आक्षेप. ‘पैसा आपल्या शिक्षणनिधीचा, आणि लाभ साऱ्या जातींच्या मुलांस काय म्हणून?’ बंधूंनो, आपली मुले ज्या बाकावर बसतात, त्याच बाकावर शेजारीही बसतात. विद्येच्या पाणवठ्यावर जातीची पाटी लावण्याचे दिवस पुन्हा येऊ नयेत. शिष्यवृत्ती चालूच राहो. परंतु सत्कार, हारतुरे व मंडप यांवरील खर्चात काटकसर करून हे दान द्यावे. मात्र यंत्रे देऊन थांबू नये. दुरुस्तीची वार्षिक तरतूद आणि मुलांस शिकविणारा जाणता माणूस यांवाचून ती धूळ खात पडतील.

कार्यकारिणीने हा ठराव विचारार्थ घ्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.